शिक्का धन्याचा, हात दुसऱ्याचा : सातारा–सांगलीतील दूरस्थ मदतीचा इतिहास

१/२७
सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची पेढी. सौदे आटोपले आहेत, ट्रक दारात उभा आहे आणि नेमके त्याच वेळी बिल निघेनासे होते. दिवाणजी 'टॅलीवाल्या'ला फोन लावतात. पलीकडून विचारणा होते, "दिवाणजी, आयडी सांगता का?" ते पडद्यावरचे आकडे वाचून दाखवतात, समोर उमटलेल्या चौकटीत 'स्वीकारा' दाबतात आणि माउसवरचा हात काढून घेतात. बाण मात्र हलतच राहतो. तो हलवणारा हात कोल्हापुरात असेल, पुण्यात असेल किंवा शेजारच्या गल्लीत. पाच मिनिटांत बिल निघते. ट्रक सुटतो.

२/२७
त्या पाच मिनिटांत पेढीच्या मालकाने आपल्या नावाने व्यवहार करण्याची सत्ता एका अदृश्य माणसाच्या हाती दिलेली असते. खातेवही, बँकेचे पान, ग्राहकांची यादी, सारे त्याच्या बोटांखाली येते. धनी एका ठिकाणी, काम करणारा हात दुसऱ्या ठिकाणी आणि शिक्का धन्याच्या नावाचा : ही मांडणी संगणकाने शोधून काढलेली नाही. सातारा–सांगलीच्या भूमीने ती सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी जवळून पाहिली आणि तिची किंमतही मोजली. हा धागा त्या मांडणीचा इतिहास सांगतो.

३/२७
प्रथम भूगोल. हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १९४९ मध्ये जुना सातारा जिल्हा आणि भोवतालची विलीन झालेली संस्थाने यांतून उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे आकारास आले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची बाजारगावे, पाटणची डोंगरखोरी, माण–खटाव आणि जत–आटपाडीचा अवर्षणग्रस्त पट्टा असा हा मुलूख आहे. येथे 'माणूस पाठवतो' म्हटले तर त्याचा अर्थ बहुधा अख्खा दिवस असाच होतो.

४/२७
आता शिक्क्याकडे. शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे. तिने पत्राला अधिकार प्राप्त होई. मजकूर संपला की शेवटी आणखी एक लहान मुद्रा उमटे. तिचे काम मर्यादा घालण्याचे : येथे पत्र संपले, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये. या समाप्तीच्या मुद्रेला मोर्तब म्हणत. लांब पत्रे कागद जोडून लिहिली जात, तेव्हा जोडावरही शिक्का पडे, म्हणजे मधला कागद बदलता येत नसे. आरंभीचा शिक्का आणि अखेरचे मोर्तब मिळून मराठीला एक शब्द मिळाला : शिक्कामोर्तब.

५/२७
आज 'शिक्कामोर्तब झाले' याचा अर्थ नुसता 'मान्यता मिळाली' एवढाच उरला आहे. मूळच्या जोडशब्दात मात्र दोन वेगळ्या क्रिया आहेत. एक अधिकार उघडते, दुसरी तो मिटवते. पहिली नसेल तर पत्र निर्बल. दुसरी नसेल तर त्यात कोणीही, केव्हाही, काहीही घालू शकतो. पुढचा सारा इतिहास, अठराव्या शतकाचा असो की एकविसाव्या, या दुसऱ्या क्रियेच्या विस्मरणाभोवती फिरतो.

६/२७
दुसऱ्याच्या नावाने कारभार करण्याची रीतसर सोय मराठेशाहीत होती. अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश वगळता इतरांना मोहिमेवर जावे लागे. प्रधान रणांगणावर असताना त्याच्या कचेरीचे काम अडू नये म्हणून त्याचा मुतालिक असे. प्रधानाचा शिक्का त्याच्यापाशी राही आणि त्याने उमटवलेला शिक्का प्रधानाचाच मानला जाई. मुतालिक हा सल्लागार नव्हता. तो धन्याचा हात होता.

७/२७
अंतर वाढले की अशा सोयीवाचून गत्यंतर नसते. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे 'हुकूमतपनाह' या पदवीसह सोपवण्यात आला. दुसरीकडे जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे नवे पद निर्माण झाले. शेकडो कोसांवरच्या राजाच्या नावाने इथले राज्य तगले, ते या सोपवलेल्या अधिकारामुळे. दूरस्थ अधिकाराने स्वराज्य वाचवले हे आधी नोंदवायला हवे, कारण पुढची गोष्ट उलट्या बाजूची आहे.

८/२७
१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराजांचे साताऱ्यात निधन झाले आणि रामराजे गादीवर आले. १७५० मध्ये प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी पेशव्यांना विरोध करीत सांगोल्याचा आश्रय घेतला. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. राजाचा प्रतिनिधी, त्या प्रतिनिधीचा मुतालिक, आणि तो मुतालिक स्वतःच्या बळावर उभा. अधिकार दोन पायऱ्या खाली उतरल्यावर मूळ धन्याचा त्यावर कितपत ताबा उरतो, याचे हे उदाहरण होय.

९/२७
सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन सांगोल्यास गेले आणि विरोध मोडला. पण त्याच सांगोल्यात, सप्टेंबर १७५० मध्ये, राज्यकारभाराचा सारा अधिकार छत्रपतींनी पेशव्यांकडे सोपवला. एका मुतालिकाला आवरण्यासाठी केलेल्या स्वारीतून त्याहून कितीतरी मोठा मुतालिक जन्मास आला. त्याच वर्षी ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले, आणि कारभार पुण्यातून चालूच राहिला. धनी कैदेत असतानाही त्याच्या नावाचे काम अडले नाही.

१०/२७
औपचारिकता मात्र अखेरपर्यंत पाळली गेली. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी, स्वतःचे नाव 'प्रधान' म्हणून नंतर. कागदावर पाहिले तर परवानगी होती, नाव होते, मुद्रा होती. नव्हते ते एवढेच : हा अधिकार केव्हा संपतो याची तारीख, आणि तो परत घेण्याची वाट. सांगोल्यात शिक्का दिला गेला, मोर्तब झाले नाही.

११/२७
१८१८ नंतर हेच नाट्य नव्या पात्रांनिशी घडले. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास बसवले. कारभार काही काळ कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजेच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, याच्या हाती राहिला. १८२२ मध्ये तो महाराजांकडे सोपवण्यात आला. येथे मुदत होती आणि ती पाळलीही गेली. पण रेसिडेंट साताऱ्यातच राहिला आणि देखरेखही राहिली. १८३९ मध्ये महाराज पदच्युत झाले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. सत्ता परत केली, दाराची दुसरी किल्ली ठेवून घेतली.

१२/२७
आता राज्याऐवजी यंत्र. १९१० मध्ये औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. आज तो भाग सांगली जिल्ह्यात येतो. लोखंडी नांगर खेड्यापाड्यांत जाऊ लागला आणि एक नवे नाते निर्माण झाले : बनवणारा एकीकडे, वापरणारा दुसरीकडे, आणि वस्तू बिघडली तर काय करायचे हा प्रश्न दोघांच्या मध्ये.

१३/२७
१९२० मध्ये तेथून 'किर्लोस्कर खबर' निघाली. पुढे मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळवणाऱ्या या मासिकाचा आरंभ कारखाना, त्याचे विक्रेते आणि गिऱ्हाइके यांच्यातील दुवा म्हणून झाला. छापील कागद दूरच्या ग्राहकाला सल्ला देऊ शकत होता, पण नांगराचा फाळ बदलू शकत नव्हता. त्यासाठी माणूसच जावा लागे. सल्ला दूरवर पोहोचतो, हात पोहोचत नाही, ही मर्यादा पुढची सात-आठ दशके कायम राहिली. पंप, इंजिने, मग संगणक : बिघाड झाला की हत्यारांची पिशवी घेऊन एसटीने जाणारा कारागीर हीच ग्राहकसेवा.

१४/२७
हात दूरवर पोहोचू शकतो हे जगाने ९ डिसेंबर १९६८ रोजी पाहिले. डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सभागृहात बसून मेन्लो पार्क येथील संगणक चालवून दाखवला. माउसही लोकांनी तेथेच प्रथम पाहिला. दूर असलेल्या सहकाऱ्याबरोबर एकच पडदा वाटून घेण्याचे प्रात्यक्षिकही त्यात होते. पुढच्या दशकांत संशोधनसंस्था आणि मोठ्या कंपन्या ही विद्या वापरत राहिल्या. सामान्य दुकानदाराच्या यंत्रापर्यंत ती यायला तीस वर्षे लागली.

१५/२७
१९९८ हे वर्ष या कथेचा सांधा आहे. त्या वर्षी केंब्रिजच्या ऑलिव्हेटी–ओरॅकल प्रयोगशाळेने 'व्हीएनसी' हे साधन सर्वांसाठी मुक्त केले. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली, जिच्यात 'आरडीपी' हा दूरप्रवेशाचा शिष्टाचार होता. आणि त्याच वर्षी वारणेच्या काठी, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांचा तो एकत्रित उपक्रम होता.

१६/२७
वारणेत गावोगावी संगणक बसले. उसाची नोंद, वजन, बिलाची स्थिती गावातच समजावी हा हेतू होता. पण यंत्र गावात पोहोचले तरी ते दुरुस्त करणारा गावात नसतो. वीज, जोडणी आणि देखभाल यांचा भार वाढत गेला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलचे लघुसंदेश वापरून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की तेच काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडले. दूरच्या यंत्राची निगा राखण्याची स्वस्त वाट नसेल तर यंत्रच मागे पडते, हा वारणेचा धडा होय.

१७/२७
त्या वाटेचे दोन प्रकार होते आणि त्यांतला फरक फार मोलाचा आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. 'रिमोट असिस्टन्स'मध्ये मालक स्वतः निमंत्रण धाडतो, निमंत्रणाला मुदत असते, दोघेही एकच पडदा पाहतात आणि मालक कोणत्याही क्षणी संबंध तोडू शकतो. 'रिमोट डेस्कटॉप'मध्ये मात्र दूरचा माणूस आत शिरला की मालकासमोरचा पडदा कुलूपबंद होतो. आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. पहिला प्रकार मालकाच्या डोळ्यांदेखत काम करणाऱ्या कारकुनाचा, दुसरा मुतालिकाचा.

१८/२७
व्यवहारात अडचण दाराची होती. २००५ पासून बीएसएनएलचे ब्रॉडबँड गावोगाव पसरू लागले, पण पेढीतला संगणक राउटरच्या आड असतो. जुन्या वाड्यासारखी ही रचना : आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला आत येता येत नाही. काही तंत्रज्ञांनी यावर भिंतीला भोक पाडण्याचा उपाय केला. राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे आरडीपीचे ठरलेले दार, थेट इंटरनेटवर उघडून दिले. काम झाले. पण ते दार तंत्रज्ञासाठी जेवढे उघडे होते, तेवढेच जगातील प्रत्येकासाठी.

१९/२७
दुसरा उपाय जर्मनीतून आला. २००५ मध्ये गॉपिंगन येथे 'टीमव्ह्यूअर' आणि २०१४ मध्ये श्टुटगार्ट येथे 'एनीडेस्क' यांचा उगम झाला. युक्ती सोपी आहे. पेढीचा संगणक आणि तंत्रज्ञाचा संगणक, दोघेही आपापल्या वाड्यातून बाहेर पडून एका मध्यस्थ सर्व्हरपाशी येतात आणि तो दोघांची गाठ घालून देतो. भिंतीला भोक पाडावे लागत नाही, फक्त आकडे सांगावे लागतात. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरण्याची सोयच नसते. त्यामुळे लहान दुकानांत हीच साधने रुळली आणि 'रिमोट घ्या' हा मराठी वाक्प्रचार झाला.

२०/२७
मागणी वाढण्याची कारणे काळानेच पुरवली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हळद, गूळ, बेदाणा यांच्या जुन्या पेढ्यांची बिले एका रात्रीत नव्या नमुन्यात बसवावी लागली. मार्च २०२० मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्या सुमारास इस्लामपूर रुग्णसमूहामुळे राज्यभर चर्चेत होते. तंत्रज्ञाला गावाची वेस ओलांडता येईना, पण बँका, दवाखाने आणि दूधसंघ यांचे काम थांबवता येत नव्हते. पूर्वी 'बघू, येतो उद्या' म्हणणारी सेवा तेव्हा पूर्णपणे पडद्यावर आली.

२१/२७
या सोयीची सीमा ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आधीच दाखवली होती. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, पेठांत पाणी शिरले, तळमजल्यावरचे संगणक बुडाले. बुडालेल्या यंत्रात कोणाचाही हात दूरवरून शिरू शकत नाही. विदेची दुसरी प्रत गावाबाहेर ठेवणे हा दूरस्थ मदतीचाच भाग आहे, हे तेव्हा ध्यानी आले. हळदीची पेवे पाण्यात गेल्यावर काय होते हे २००५ च्या पुरापासून सांगलीकर जाणत होते. हिशेबाचे पेवही तसेच असते.

२२/२७
आणि मग उलटी बाजू. उघड्या ठेवलेल्या आरडीपीच्या दारांवर यंत्रे अहोरात्र पासवर्ड आजमावून पाहतात, एखादा लागतो आणि सारी विदा कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याबाबत जाहीर इशारा दिला. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाचा दोष उघड झाला. त्यात पासवर्डाचीही गरज नव्हती. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती पुरवली.

२३/२७
सामान्य माणसावरचा घाला याहून साधा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले : भामटे बँकेच्या मदतकेंद्रातून बोलत असल्याचे भासवून ग्राहकाला एनीडेस्क उतरवून घ्यायला लावतात, नऊ आकडी संकेतांक विचारतात, परवानग्या मिळवतात आणि त्याच्याच मोबाइलवरून पैसे वळवतात. अ‍ॅप खरे, संकेतांक खरा, 'स्वीकारा' दाबणारे बोटही खात्याच्या मालकाचेच. कुलूप फोडलेच जात नाही. पेढीवर रोज ऐकू येणारे 'आयडी सांगता का?' हे वाक्यच चोराने उचलले.

२४/२७
सहकारी बँकांचा मुलूख असल्याने येथे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ती पद्धत वेगळी होती, पण संगणकांवरचा ताबा परक्या हाती गेला म्हणजे काय होते हे सहकारी क्षेत्राने पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. मध्यस्थही अभेद्य नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच्याच सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि आपली प्रमाणपत्रे बदलली.

२५/२७
मग दूरस्थ मदत नीट उभारायची कशी? उत्तरे जुन्या कचेरीतलीच आहेत. शिक्का प्रत्येकाचा वेगळा : ग्राहकाच्या संगणकावर तंत्रज्ञासाठी स्वतंत्र खाते असावे, साऱ्या कंपनीचा मिळून एकच पासवर्ड नसावा, आणि त्याच्या जोडीला मोबाइलवर येणारी दुसरी खूण असावी. दार आतूनच उघडावे : ३३८९ इंटरनेटवर मोकळे न ठेवता व्हीपीएन किंवा मध्यस्थ सर्व्हरमार्फत यावे. जोडावर शिक्का असावा : कोण केव्हा आले, किती वेळ राहिले, कोणती फाइल नेली याची नोंद व्हावी. आणि एरवीचे काम मालक पडद्यासमोर बसलेला असतानाच व्हावे.

२६/२७
मुतालिकाशिवाय भागत नाही अशाही जागा असतात. पतसंस्थेचा सर्व्हर रात्री दोन वाजता अडला तर 'स्वीकारा' दाबायला कोणी नसते. तेथे कायमचा पासवर्ड देऊन अखंड प्रवेश ठेवावाच लागतो. खरा धोका त्यानंतरचा आहे. करार संपतो, तंत्रज्ञ दुसरी नोकरी धरतो, सॉफ्टवेअर बदलते, आणि तो पासवर्ड तसाच राहतो. कोणाच्या मनात कपट असतेच असे नाही. फक्त कोणी मोर्तब करीत नाही. म्हणून अखंड प्रवेशाची यादी ठेवणे, तिला तारीख घालणे आणि तारीख उलटताच साधन काढून टाकणे, हे मालकाचे काम आहे. ते तंत्रज्ञावर सोडता येत नाही.

२७/२७
यार्डातल्या पेढीवर परत. बिल निघाले, ट्रक गेला. दिवाणजींनी फोन ठेवण्यापूर्वी एक गोष्ट पाहायची असते : पडद्याच्या कोपऱ्यातली ती लहान चौकट मिटली आहे ना? अनोळखी माणसाने स्वतःहून फोन करून आयडी विचारला तर तो सांगायचा नसतो, आणि चुकून सांगितलाच तर तत्काळ इंटरनेट तोडून १९३० या मदतक्रमांकावर कळवायचे असते. १७५० मध्ये सांगोल्यात राहून गेलेली गोष्ट आज एका बटणावर होते. मराठीने शिक्का आणि मोर्तब हे शब्द जोडून ठेवले आहेत. चौकट मिटवून मगच पेढीचे कुलूप लावायचे, इतकाच त्यांचा व्यवहारातला अर्थ.

(धागा समाप्त)